तेलाने भिजलेली माती जिवाणूंकडून साफ करून घेताना: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

डिझेलची टाकी झिरपली, जनरेटरच्या खोलीमागची जमीन काळी पडली, किंवा गॅरेजच्या आवारात वर्षानुवर्षं इंजिन ऑइल मुरत गेलं. आता कुणीतरी सांगितलंय की जिवाणू टाकले की माती साफ होते. कंपनीत हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही नुकतेच या क्षेत्रात आला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दूषित माती रचून जिवाणूंकडून साफ करायच्या ढिगांवर मी बरीच वर्षं उभा राहिलो आहे. नवख्या माणसाची अडचण जिवाणू मिळत नाहीत ही नसते, काम उलट्या क्रमाने सुरू होतं ही असते. आधी जिवाणूंच्या पावडरची पिंपं येतात, मग मातीचा नमुना लॅबमध्ये जातो.

तेल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत आधीपासूनच असतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, अॅसिनेटोबॅक्टर ही त्यांतली नेहमी सापडणारी नावं. तेल सांडल्यावर काही आठवड्यांत त्यांची संख्या आपोआप वाढते. मात्र तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. पेशी बांधायला लागणारा नत्र आणि स्फुरद त्यात नाही. तेलाचा रेणू तोडायची पहिली पायरी म्हणजे त्याला ऑक्सिजन जोडणं, आणि तेलाने चिकटलेल्या मातीत हवा शिरत नाही. म्हणून सगळं असूनही काम अडतं. हवा, ओल आणि खत पुरवणं हेच तुमचं मुख्य काम.

१९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर जिवाणू नव्हे, तर नत्र-स्फुरदाची खतं टाकली गेली. तिथल्याच जिवाणूंनी काम केलं. बाहेरून आणलेल्या जिवाणूंच्या चाचण्या पुढे तिथे झाल्या. त्यांत नुसत्या खतापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. याचा अर्थ तयार जिवाणू कधीच लागत नाहीत असा नाही. ते कधी लागतात हे पुढे सहाव्या पायरीत येईल.

१. गळती बंद करा, सुटं तेल उचला

हे उघड वाटतं, पण टाकीची वेल्डिंग न करता ढीग लावलेले मी पाहिले आहेत. मातीवर तेलाचा थर साचला असेल तर तो पंपाने किंवा शोषक पॅडने काढून घ्या. जिवाणू हे काम करणार नाहीत, करायला गेले तरी वर्षं लागतील. मातीत वजनाने ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे किलोमागे ५०,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल असेल तर थेट ढीग लावू नका. इतक्या तेलात जिवाणूंनाच तग धरणं कठीण जातं.

या टप्प्यावर तीन गोष्टी करू नका. साबणाचं किंवा डिटर्जंटचं पाणी मारू नका; तेल सुटं होऊन आणखी खोल जातं. वर ताजा मुरूम टाकून झाकू नका. आधीच कमी असलेली हवा पूर्ण तुटते. माती पेटवून तर देऊच नका. पेट्रोल किंवा हलकं डिझेल सांडलं असेल तर वाफांचा धोका खरा असतो. आवारात विडी-सिगारेट बंद, खड्ड्यात उतरण्याआधी गॅस मीटर लावायचा, आणि एकट्याने उतरायचं नाही.

२. काय सांडलंय ते नक्की करा

सगळ्या प्रदूषकांना एकच उपाय लागू पडत नाही.

डिझेल, रॉकेल, ताजं ल्युब ऑइल यांना जिवाणू चांगला प्रतिसाद देतात. फर्नेस ऑइल जड असतं, त्याला वेळ लागतो आणि त्यातला डांबरासारखा भाग उरतोच. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या यंत्राचे धातू असतात, म्हणून धातूंची तपासणी सोबत हवी. शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. कोणताही जिवाणू ती नष्ट करू शकत नाही, फार तर त्यांचं रूप बदलतो. षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी क्रोमियम करणारे जिवाणू आहेत आणि ते रूप बरंच कमी घातक असतं, पण क्रोमियम मातीतच राहतं.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाबाबत फार सावध राहा. त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, ही विषारी आणि सहज न तुटणारी रसायनं) असू शकतात. ते नाहीत असा अहवाल हातात येईपर्यंत त्या मातीला हात लावायचा नाही.

ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांना तोडणारा डिहॅलोकॉकॉइड्स हा जिवाणू हवेत जगतच नाही, त्याला ऑक्सिजनविरहित भूजल लागतं. तो एकेक क्लोरीन काढत जातो, आणि प्रक्रिया अर्धवट थांबली तर मध्येच व्हिनाइल क्लोराइड साचतं, जे कर्करोगकारक आहे. हे काम आवारात ढीग लावून होत नाही. तुमचं प्रदूषक हे असेल तर इथेच थांबा आणि भूजलतज्ज्ञ गाठा.

नमुने घेताना जागेचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातून वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्या. सर्वांत काळा डाग तेवढा उचलला तर आकडा फुगतो, कडेची माती उचलली तर दबतो. काचेच्या बाटल्या घ्या, त्या काठोकाठ भरा आणि बर्फाच्या पेटीत लॅबला पाठवा. पेट्रोलच्या बाबतीत पाच ठिकाणची माती घमेल्यात कालवून एक नमुना करू नका, कालवतानाच अर्धं उडून जातं.

लॅबकडून हे मागा: टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन (गॅस क्रोमॅटोग्राफीने), धातू, सामू (पीएच), ओलावा, उपलब्ध नत्र आणि स्फुरद, आणि हायड्रोकार्बन खाणाऱ्या जिवाणूंची संख्या. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी. नुसतं 'ऑइल अँड ग्रीस' मागू नका. त्या चाचणीत शेणातला स्निग्धांश आणि पालापाचोळ्यातलं मेणही तेल म्हणून मोजलं जातं. मग तुम्ही ढिगात शेणखत घालता आणि पुढच्या महिन्यात आकडा वाढलेला दिसतो.

३. परवानगी आणि कागद

तेलाने दूषित माती हा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली घातक कचरा ठरू शकतो. ती स्वतःच्या आवाराबाहेर टेम्पोत भरून कुठेतरी टाकणं हा गुन्हा आहे, शेजारच्या प्लॉटवर पसरणंसुद्धा. आवारातच प्रक्रिया करायची असली तरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी प्रस्ताव द्या आणि लेखी उत्तर घ्या. 'साहेब हो म्हणाले' हा कागद नाही. दूषित स्थळांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही काढले आहेत, तुमची जागा त्यांत बसते का हे सल्लागाराकडून तपासून घ्या.

फाइलमध्ये एवढं हवं:

– मंडळाचं संमतीपत्र आणि घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र
– अपघाती गळती असेल तर नमुना ११ मधला अहवाल
– जागेचा नकाशा, चौकोन आणि नमुन्यांची ठिकाणं दाखवलेला
– सुरुवातीचे लॅब अहवाल आणि तारखेसह फोटो
– सांडलेल्या तेलाचं सुरक्षा माहितीपत्रक
– जिवाणूंची पावडर घेतलीच तर तिचं प्रमाणपत्र
– काही माल आवाराबाहेर गेला तर नमुना १० ची मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माती किती आकड्यावर आली की 'साफ' मानायची, हे सुरू करण्याआधी लेखी ठरवून घ्या. शेवटी ठरवू म्हणालात तर काम संपतच नाही.

जनुकीय बदल केलेले जिवाणू वापरायचा विचार मनातही आणू नका. त्यांना १९८९ च्या नियमांखाली केंद्रीय समितीची मंजुरी लागते. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या स्यूडोमोनासवरून १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवाच्या पेटंटचा ऐतिहासिक निकाल दिला खरा, पण प्रत्यक्ष स्वच्छतेची कामं आजही निसर्गातून वेगळे काढलेले साधे जिवाणूच करतात.

४. बादल्यांत आधी करून पाहा

ही पायरी सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. चार बादल्या घ्या, सारखीच कालवलेली दूषित माती भरा. पहिलीला काहीच करू नका. दुसरीला फक्त पाणी द्या आणि उकरत राहा. तिसरीला पाणी, उकरणं आणि खत. चौथीला हे सगळं आणि विकत घ्यायच्या विचारात असलेली पावडर. सावलीत ठेवा, सहा ते आठ आठवडे दर पंधरा दिवसांनी टीपीएच मोजा.

तिसरी आणि चौथी बादली बरोबरीने चालली तर पावडरचे पैसे वाचले. दुसरीतच मोठी घट दिसली तर तेल जिवाणूंनी खाल्लं की नुसतं उडून गेलं, हे बघावं लागेल. ते कसं ओळखायचं हे सातव्या पायरीत. विक्रेता ही चाचणी करायला 'गरज नाही' म्हणाला, तर दुसरा विक्रेता बघा.

५. ढिगाची जागा

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात सुरुवात करा. मे महिन्याआधी मुख्य काम उरकेल असा बेत ठेवा. जूनमध्ये उघडा ढीग म्हणजे काळं पाणी गटारात, आणि तिथून नाल्यात.

खाली शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा, कडेला मातीचा किंवा विटांचा बांध घाला, आणि सगळ्याला एका बाजूला उतार द्या. उताराच्या टोकाला छोटा हौद ठेवा. झिरपून आलेलं पाणी त्यात जमा होईल, तेच परत ढिगावर शिंपडायचं. हौद उन्हाळ्यातही ताडपत्रीने झाका, नाहीतर अवकाळीत भरून वाहतो.

हाताने किंवा रोटाव्हेटरने उकरणार असाल तर थर ३० सेंटिमीटरचा, फार तर ४५. त्याखाली हवा पोहोचत नाही. जागा कमी असेल तर एक ते अडीच मीटर उंच ढीग करा, पण मग आत भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप टाकून ब्लोअर लावावा लागतो.

माती कुठली आहे यावर बरंच ठरतं. काळी माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि सुकली की दगड होते. दोन्ही अवस्थांत हवा शिरत नाही. तिच्यात भाताचं तूस, उसाचं चिपाड किंवा लाकडाचा भुसा आकारमानाने पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका मिसळा. कोकणातली जांभ्याची माती मोकळी असते पण आम्लधर्मी; तिला थोडा चुना लागतो. सामू ६ ते ८ च्या दरम्यान हवा. मुरमात जिवाणू मुळातच कमी असतात, तिथे चांगलं कुजलेलं शेणखत उपयोगी पडतं.

६. खत, ओल, हवा आणि गरज पडलीच तर पावडर

खताचा हिशोब कागदावर करा. समजा एक टन मातीत २ टक्के, म्हणजे २० किलो तेल आहे. त्यात साधारण १७ किलो कार्बन. नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण कार्बन १०० : नत्र १० : स्फुरद १. म्हणजे १.७ किलो नत्र आणि १७० ग्रॅम स्फुरद. पाऊण ते एक किलो डीएपी घातलं की स्फुरद भागतं, आणि नत्राचा उरलेला भाग भरायला सुमारे साडेतीन किलो युरिया लागेल.

नवखा माणूस हे सगळं एकदम टाकतो आणि जिवाणू मरतात. मातीतल्या थोड्याशा पाण्यात एवढं खत विरघळलं की ते पाणी खारट होतं, शिवाय काळ्या मातीत सामू आठच्या आसपास असल्याने युरियाचा अमोनिया होऊन नाकात जातो. एका टनाला एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त युरिया नको. पाण्यात विरघळवून शिंपडा, लगेच उकरून आत घाला आणि पुढचा हप्ता नत्राची तपासणी करूनच द्या. बऱ्याचदा कागदावरचा पूर्ण हिशोब लागतच नाही, कारण मेलेल्या जिवाणूंमधला नत्र पुढच्या पिढ्या परत वापरतात.

ओलीसाठी शेतकऱ्याला विचारा. वाफसा म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला यंत्र लागत नाही. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी सुटू नये, आणि गोळा अंगठ्याने दाबला की फुटावा. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात वरचा थर एका दिवसात सुकतो, तिथे सावलीची जाळी लावा. मातीचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की काम थंडावतं.

हवेची गरज किती मोठी आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एक किलो तेल पूर्ण जाळायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. वरच्या उदाहरणातल्या एका टन मातीसाठी तो ७० किलो होतो, म्हणजे जवळपास २५० घनमीटर हवा. म्हणून पहिले सहा आठवडे दर आठवड्याला उकरा, नंतर पंधरवड्याने. मजूर टाळाटाळ करतात ते इथेच, आणि ढीग अडतो तोही इथेच. ढिगाला कुजकट वास आला, म्हणजे आत हवा संपली आहे.

आता पावडर. तपासणीत तेल खाणाऱ्या जिवाणूंची संख्या ग्रॅममागे हजाराच्या खाली असेल, खोल खणलेला मुरूम किंवा टाकीच्या तळाचा गाळ असेल, किंवा वेळ अगदी कमी असेल, तर बाहेरचे जिवाणू घ्यावेत. आपल्याकडे टेरी संस्थेने विकसित केलेलं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेलं असतं. तेल कंपन्यांच्या गाळासाठी ते वापरलं गेलं आहे, आणि ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागलं तेव्हाही. कुठल्याही विक्रेत्याला चार प्रश्न विचारा: जिवाणूंची नावं कोणती, ग्रॅममागे जिवंत संख्या किती, मुदत कधीपर्यंत, आणि ते रोगकारक नाहीत याचा अहवाल कुठे आहे. शेवटचा प्रश्न गंभीरपणे विचारा. स्यूडोमोनास एरुजिनोसा तेल उत्तम खातो, पण जखमेत किंवा अशक्त माणसाच्या फुप्फुसात गेला तर संसर्ग करतो. 'गुपित फॉर्म्युला' हे उत्तर मान्य करू नका.

पावडर सावलीत ठेवा, संध्याकाळी टाका, आणि क्लोरीनचं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच त्यात कालवा. हातमोजे आणि मास्क हवेतच.

७. मोजताना फसू नका

दर महिन्याला, त्याच चौकोनांतून, त्याच लॅबकडून. लॅब बदलली की आकड्यांची तुलना संपली.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत टीपीएच झपाट्याने उतरतं, मग रेषा सपाट होते. सोपे सरळ साखळीचे रेणू आधी जातात, वलयांचे आणि फांद्यांचे मागे राहतात. हे अपयश नाही. डिझेलच्या ढिगाला बहुधा काही महिने लागतात, फर्नेस ऑइलला वर्ष किंवा अधिक.

घट खोटी असण्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे पातळ होणं: पाव हिस्सा तूस मिसळलं की एकही जिवाणू न हलता किलोमागचा आकडा बदलतो. म्हणून तुलना नेहमी मिसळणी झाल्यानंतरच्या पहिल्या नमुन्याशी करा. दुसरी, उडून जाणं. त्यासाठी लॅबकडून सी-१७ (सतरा कार्बनची सरळ साखळी) आणि प्रिस्टेन (फांद्यांची साखळी) या तेलातल्या दोन रेणूंचं गुणोत्तर मागा. दोन्ही रेणू जवळपास सारख्याच तापमानाला उडतात, पण जिवाणूंना सी-१७ सोपा जातो आणि प्रिस्टेन फांद्यांमुळे अवघड. गुणोत्तर उतरत गेलं तर जिवाणू खरंच काम करताहेत. टीपीएच उतरलं पण गुणोत्तर जागच्या जागी, तर तेल हवेत गेलं. प्रदूषण मातीतून उचलून शेजाऱ्यांच्या श्वासात घातलं, एवढंच.

विहिरीत तेल उतरलं असेल तर

पाण्यावर तवंग दिसला की उपसा थांबवा, कारण उपशाने तेल विहिरीकडेच ओढलं जातं. पिणाऱ्या सगळ्यांना कळवा आणि टँकरची सोय करा. पिण्याच्या विहिरीत पावडर किंवा खत टाकू नका. खतातला नत्र नायट्रेट होऊन पाण्यातच राहतो, आणि तान्ह्या बाळांना तो घातक असतो. तरंगणारं तेल तज्ज्ञांकडून काढून घ्या. भूजलाचं काम निरीक्षण विहिरी खणून, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट आणि लोह मोजत चालतं. ते काम स्वतंत्र आहे आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये.

८. काम बंद करताना

ठरलेल्या आकड्याखाली सलग दोन महिने सगळे चौकोन आले की शेवटचे नमुने घ्या, शक्यतो मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर. सरासरी दाखवू नका. एक चौकोन वर असेल तर तेवढाच पुन्हा उकरा. सोबत कुंड्यांत ही माती आणि साधी माती भरून मूग पेरा. टीपीएच कमी असूनही उगवण मागे पडली तर मातीत क्षार किंवा जड अंश उरला आहे, हे लॅबच्या आधी कळतं.

माती परत खड्ड्यात घालायची की आवारात पसरायची, हे मंडळाच्या पत्रात असेल तसंच करा. या मातीवर भाजीपाला नको. खालचा कागद, हौदातला गाळ, तेलकट हातमोजे आणि चिंध्या मात्र भंगारवाल्याला देऊ नका. हे सगळं घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रावर, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी यांपैकी तुम्हाला लागू असेल तिथे, मॅनिफेस्टसह पाठवा आणि पोच पावती फाइलला लावा.